पंधरा वर्षांची स्प्लेंडर पासिंगला न्यायची आहे: काय केलं, काय राहिलंय

कृष्णाकाठ, सातारा
१२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी.

आमच्या आबांची हीरो होंडा स्प्लेंडर प्लस येत्या २६ नोव्हेंबरला पंधरा वर्षांची होते. २०१० च्या उसाच्या बिलातून आणि थोडं बँकेचं कर्ज काढून घेतली होती. पहिली दहा वर्षं सकाळ-संध्याकाळ दोन कॅन दूध तिच्यावरूनच डेअरीला गेलं. बहीण तिच्यावरूनच कॉलेजला गेली, आजीला दवाखान्यात तिच्यावरूनच नेलं. आबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून दोन वर्षांपासून गाडी माझ्याकडे आहे. विकायची नाही, मोडीत तर मुळीच काढायची नाही. पुनर्नोंदणी, म्हणजे बोलीत पासिंग, करायची आणि गाडी स्वतः आरटीओत नेऊन करायची, असं ठरवलंय.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिक्षा-टेम्पोला फिटनेससाठी सारखं जावं लागतं, तसं खाजगी दुचाकीला नसतं. नव्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ४१. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा आणि तो मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून १००० रुपये आहे. मुदत उलटली की महिन्याला ३०० रुपये वर चढत जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पर्यावरण कर वेगळा, तो अर्ज भरताना दिसतोच.

आता माझी तयारी. तीन रविवार गेले.

पहिला रविवार कागदांतच गेला. आरसी उघडून बघितली तर बँकेचा बोजा तसाच! कर्ज २०१३ लाच फिटलं होतं, पण तो उतरवून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बँकेतून ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा नमुना ३५ आणला. विमा चालू होता. दोन चलानं थकलेली निघाली, ती भरून टाकली. नवी उच्च सुरक्षेची (एचएसआरपी) नंबरप्लेट दिवाळीआधी बसेल. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, मिळून ५३१.

दुसऱ्या रविवारी धुणं-पुसणं आणि चेसिस नंबर. हँडलखालच्या नळीवर नंबर ठोकलेला असतो, त्यावर पंधरा वर्षांचं तेल आणि धूळ बसून काळी साय धरली होती. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं, मग दातांच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासलं. एकेक आकडा वर आला. इथे एक कळकळीची विनंती, पॉलिश पेपर लावू नका. आकड्यांवर ओरखडे दिसले की नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि सरळ काम अडून बसतं. अर्जासाठी नंबरची छाप घेताना पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून फिरवली. चौथ्या प्रयत्नात स्वच्छ छाप आली.

तिसरा रविवार ब्रेकचा. मागचं चाक उतरवून ड्रम उघडला. वरून ब्रेक ठीक लागत होता, म्हणून मला वाटलं होतं फार काही नसेल. ड्रमला आतून दाबणारे दोन शू असतात, त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर. ते बघितले आणि मी खालीच बसलो. एका शूवर लायनर नखाएवढा उरलेला, दुसऱ्यावर एका टोकाला जवळजवळ धातू उघडा पडलेला. दोन्ही शू एकसारखे झिजायला हवेत. इथे शू बाहेर ढकलणारा ब्रेकचा कॅम गंजून एका बाजूला अडकला होता, त्यामुळे सगळा भार एकाच शूवर येत होता. पायाला हे कधी जाणवलं नाही, कारण दर दोन-तीन महिन्यांनी मी मागचा नट दोन आटे आवळत होतो आणि ब्रेक 'परत चांगला' होत होता. कॅम काढून घासला, तेलकट फडक्याने पुसला, मुगाच्या डाळीएवढं ग्रीस लावलं, नवे शू टाकले. ड्रममधली काळी भुकटी हवेने उडवू नका, नाकातोंडात जाते. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

पुढच्या टायरचं तर मला रडूच आलं. नक्षी चांगली शिल्लक होती, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. बाजूच्या भिंतीवर लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ३९१०. म्हणजे गाडीबरोबर आलेलं, २०१० सालच्या ३९व्या आठवड्यातलं टायर. वाकवून बघितलं तर नक्षीच्या फटीत बारीक भेगा पडलेल्या. याच टायरवर मी गेल्या पावसाळ्यात बायको आणि मुलीला घेऊन कोरेगावला गेलो होतो. टायर बदललं.

आता अडलंय ते असं:
पीयूसीला नेली तर कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आलं, गाडी नापास. हॉर्न गाडी हळू चालत असताना कण्हतो, रेस दिली की नीट वाजतो. आणि स्पीडोमीटरचा काटा वर्षभर शून्यावर झोपलाय.

जाणकारांनी सांगावं.

दहा_नंबर_पाना, सांगली
१२ ऑक्टोबर

दादा, बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. तुमचा ब्रेकचा परिच्छेद वाचून बरं वाटलं, कारण गिऱ्हाईक नेमकं हेच करत नाही. 'जरा आवळून द्या' म्हणतो आणि जातो.

आधी ब्रेकचंच एक सांगतो. स्प्लेंडरच्या ब्रेक आर्मवर एक बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबा. बाण खुणेवर आला की लायनर संपले, नट कितीही आवळा, उपयोग नाही. ड्रम न उघडता घरच्या घरी कळतं. आर्मवर घाण बसलेली असते म्हणून हा बाण कुणाला दिसत नाही, एवढंच.

आता पीयूसी. तुमची गाडी एप्रिल २००० नंतरची फोरस्ट्रोक. तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम. मोनॉक्साइड वाढलं म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी जातेय. पहिला संशय एअर फिल्टरवर. तो धुऊ नका, बदला. मग कार्बोरेटर उघडून साफ करा, चोकची पट्टी पूर्ण सुटून चोक बंद होतो का बघा. जुन्या स्प्लेंडरमध्ये ती अर्धवट अडकते आणि गाडी कायम थोड्या चोकवर चालते. त्यानंतरच मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावा. हायड्रोकार्बन वाढलं असतं तर मी प्लग आणि टॅपेट बघायला सांगितलं असतं.

आणि पीयूसीला थंड गाडी नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन तापलं की नळी घालायला सांगा. सायलेन्सरला कुठे भोक असेल तर तेही आधी बुजवून घ्या, आकडे चुकीचे येतात.

हॉर्न म्हणजे बॅटरी. या गाडीचा हेडलाईट थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या करंटवर चालतो, म्हणून तो रेसबरोबर कमी-जास्त होतो. तो दोष नाही, बनावटच तशी आहे. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट मात्र बॅटरीवर. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि इंडिकेटर लावा. लुकलुकायच्या ऐवजी मंद पेटून राहिला तर बॅटरी गेली समजा. छोटीशी बॅटरी आहे, बदलून टाका. पासिंगला ब्रेक लाईट बघतातच, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तर तो दिसायलाच हवा.

स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाकडून सोडा आणि आतली तार बोटांनी फिरवा. काटा हलला तर केबल आणि मीटर ठीक, ब्रेक प्लेटमधला गिअर गेलाय. नाही हलला तर केबल ओढून बघा, बहुतेक मधेच तुटलेली निघेल. दोन्ही स्वस्तातली कामं आहेत.

घाईत_माणूस, पुणे
१३ ऑक्टोबर

तीन रविवार? एजंटाला कागद आणि थोडे जास्त पैसे द्या, मोकळे व्हा. जुन्या दुचाकीचं कोण काय बघतंय! माझ्या मित्राची गाडी जागेवरून हलली नाही आणि पासिंग झालं.

कृष्णाकाठ, सातारा
१३ ऑक्टोबर

तुमच्यावर राग नाही, सगळीकडे हाच सल्ला मिळतो. पण माझं मत याच गोष्टीमुळे बदललं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या चुलत भावाची गाडी चार वर्षांपूर्वी अशीच कागदावर पास झाली. एजंट कोण, ते सांगून आता उपयोग नाही. गाडी घरात उभी होती आणि आरसी हातात आली. सगळे खूश. दोन महिन्यांनी तो पसरणी घाटातून उतरत होता, मागे वहिनी. मागच्या ब्रेकचा रॉड पायाकडच्या टोकाला एका पिनेवर अडकवलेला असतो आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्यात एक छोटी दुपाखी खिळी असते. ती खिळी कधीतरी पडून गेली होती, तिच्या जागी कुणीतरी तार पिळून ठेवली होती. वळणावर तार सुटली, पिन निघाली, पाय खाली गेला तो थेट. एकट्या पुढच्या ब्रेकवर गाडी खडीत घसरली. त्याची कॉलरबोन मोडली, वहिनींच्या हाताला सात टाके. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, म्हणून आज दोघं आहेत.

ती खिळी दोन रुपयांना मिळते. कुणी गुडघ्यावर बसून गाडीच्या उजव्या बाजूला एकदा नजर टाकली असती तर तार दिसली असती. तपासणी म्हणजे तरी काय, दुसऱ्या माणसाने एकदा गाडीकडे नीट बघणं. तेच मी पैसे देऊन टाळलं, तर मग मी नक्की कशाचे पैसे दिले?

घाईत_माणूस, पुणे
१३ ऑक्टोबर

वाचलं. आज संध्याकाळी माझ्या गाडीची ती पिन बघतो.

आरएक्सवेडा, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर

माझी यामाहा आरएक्स १००, १९९५ ची. २०१०, २०१५, २०२० झालं, आता चौथ्यांदा. वीस वर्षांवरच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून फी वाढलीय, दुचाकीला २००० रुपये. माझ्यासारख्यांनी हिशोबात धरावं. २०२० ला पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २००० भरला होता.

टूस्ट्रोकवाल्यांसाठी चार गोष्टी. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला पीयूसीची मर्यादा जरा सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. तरी गाड्या नापास होतात, आणि बहुतेक वेळा कारण म्हणजे ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्ये अंदाजाने ओतलेलं तेल. आरएक्सला तेलाची वेगळी टाकी आणि पंप आहे, रेसप्रमाणे तो तेल मोजून सोडतो. कुणी तरी कधी तरी 'पंप बिघडला की इंजिन जॅम होतं' असं सांगून तो काढून टाकतो, आणि मग गाडी गल्लीभर धूर सोडत फिरते. मी पंप परत बसवला, केबलची खूण जुळवली, चांगलं टूटी ऑइल वापरतो. धूर निम्म्यावर आला.

सायलेन्सरच्या आतली नळी बाहेर येते. मागचा एक स्क्रू काढला की ओढून निघते. माझ्या नळीवर कोळशाचा थर करंगळीएवढा जाड होता. खरवडून साफ केल्यावर गाडीचा आवाज बदलला, ओढ परत आली.

आणि पोरांनो, तो मोठ्या आवाजाचा बाहेरचा सायलेन्सर पासिंगआधी काढा आणि नंतरही बसवू नका. आरएक्स १०० च्या सांगाड्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या आमच्याकडे खूप आहेत. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, मग आरटीओत डोकं धरून बसतात. परवानगीशिवाय इंजिन बदललं की हे होणारच. माझ्या गाडीला आजही मूळ इंजिन, मूळ कार्बोरेटर आणि मूळ मडगार्ड आहे. एकदा तरी ती कुणाच्या दारात जुन्या डौलात उभी राहिलेली बघा, म्हणजे कळेल मी एवढा जीव का टाकतो.

सावली, नाशिक
१६ ऑक्टोबर

धागा वाचून विचारायचं धाडस करते. बाबा मे महिन्यात गेले. त्यांची बजाज डिस्कव्हर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि जानेवारीत तिची पंधरा वर्षं संपतात. मी रोज शाळेत तीच नेते. सगळे म्हणतात, विकून स्कूटी घे. मला ती ठेवायचीय. आधी काय करू? मला एवढंच कळतं की पेट्रोल कुठे टाकायचं.

निवृत्त_लिपिक, सोलापूर
१६ ऑक्टोबर

ताई, वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

क्रम असा ठेवा. आधी नाव, मग नूतनीकरण. नमुना २५ वर नोंदणीकृत मालकाची सही लागते, म्हणून गाडी आधी तुमच्या नावावर आली पाहिजे. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ प्रमाणे मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. तुमची मुदत उलटून गेली आहे, तरी घाबरून थांबू नका. उशिराचं शुल्क भरून अर्ज करा. थांबाल तेवढा तो आकडा वाढेल.

सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती ठेवा. आई किंवा भावंडं असतील तर संमतीपत्रावर त्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. बहुतेकांचं काम इथेच अडतं. विमाही तुमच्या नावावर करून घ्या. गाडी एकाच्या नावावर आणि विमा गेलेल्या माणसाच्या नावावर असला तर दाव्याच्या वेळी घोळ होतो.

तेहतीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो. लोक कागद कमी आणतात असं नाही, क्रम चुकवतात.

दहा_नंबर_पाना, सांगली
१६ ऑक्टोबर

सावलीताई, गाडी कुठल्याही गॅरेजला न्या, पण नुसतं 'सर्व्हिसिंग करा' म्हणू नका. असं म्हणा: दोन्ही ब्रेक उघडून लायनर मला दाखवा, चेन-स्प्रॉकेट दाखवा, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. चांगला मेकॅनिक यावर रागवत नाही.

कोनसेट स्वतःही तपासता येतो. मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला. पुढचे दोन्ही पाईप खालून धरून मागे-पुढे हलवा. टकटक झाली तर ढिला. मग हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर आतल्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत, तो बदलायचा. अशी गाडी सरळ रस्त्यावर डुलते आणि चालवणाऱ्याला वाटतं हवा कमी आहे.

सावली, नाशिक
१६ ऑक्टोबर

दोघांचेही मनापासून आभार. लिहून घेतलं. आईची आणि दादाची सही आजच घेते.

समुद्रकाठ, रत्नागिरी
१८ ऑक्टोबर

आमच्याकडे टायर-ब्रेकच्या आधी गंज. खारी हवा आणि चार महिने पाऊस. वरून गाडी चकचकीत असते आणि खालून पोखरलेली. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या खालची बाजू, साईड स्टँडचं जोडकाम, बॅटरीच्या पेटीखालचा पाईप, सायलेन्सरचं पोट ही ठिकाणं आडवं होऊन बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जा. चांगला पाईप टणक वाजतो, आतून गंजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तर नुसता रंग मारू नका. मी एकदा मारला होता, सहा महिन्यांत स्टँड तुटून गाडी माझ्या पायावर आली.

नव्या नंबरप्लेटचं एक. ती न निघणाऱ्या खिळ्यांनी बसवतात, म्हणून मागच्या प्लेटचा पत्रा आणि मडगार्ड गंजलेलं असेल तर आधी ते बदलून घ्या. नंतर प्लेट मोडल्याशिवाय निघत नाही.

विदर्भवासी, अमरावती
१९ ऑक्टोबर

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते असं ऐकलं होतं. मग हे नूतनीकरण कसं काय?

निवृत्त_लिपिक, सोलापूर
१९ ऑक्टोबर

ते दिल्ली आणि राजधानी परिसराबद्दल ऐकलं असेल. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाचा आदेश होता आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीही संपते. आपल्याकडे खाजगी दुचाकी तपासणीत उतरली तर पाच-पाच वर्षांनी पुढे चालू राहते. आरएक्सवेडा यांची १९९५ ची गाडी समोरच आहे.

थेम्सकाठ, इंग्लंड
२० ऑक्टोबर

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. मी मूळचा कऱ्हाडचा. इथे मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, तिला एमओटी म्हणतात. फी जास्तीत जास्त २९.६५ पौंड. दिवे, हेडलाईटचा झोत, ब्रेक, कोनसेट, चाकाचे बेअरिंग, टायर, सगळं ठरलेल्या यादीप्रमाणे. टायरची नक्षी रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात किमान १ मिलिमीटर हवी. निकाल ऑनलाईन नोंदला जातो, नंबर टाकला की गाडी गेल्या वर्षी कशात नापास झाली होती आणि तेव्हा किती मैल चालली होती ते कुणालाही दिसतं.

माझी २००९ ची बुलेट आहे. दर मार्चमध्ये एक शनिवार तिच्यासोबत काढतो. नेण्याआधी एकच चाचणी न चुकता करतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सपाट जागेवर हाताने ढकलतो. सहज जायला हवी. मग ढकलत असतानाच एकदा पुढचा ब्रेक, एकदा मागचा. कुठे चाक घासतंय, कुठला ब्रेक सुटायला वेळ लावतोय, चेन कुठे घट्ट होतेय, हे इंजिन बंद असताना जितकं हाताला कळतं तितकं चालवताना कळत नाही. एका वर्षी बेअरिंगची बारीक खरखर अशीच सापडली.

कऱ्हाडला असताना बाबांची बजाज बॉक्सर होती. ती अशी कधी ढकलून बघितली नाही, याचं आता वाईट वाटतं.

कृष्णाकाठ, सातारा
२६ ऑक्टोबर

दिवाळीत वेळ मिळाला, एकेक सांगतो.

पानादादा, चोकची पट्टीच निघाली! कार्बोरेटरच्या बाजूला पितळी पट्टी अर्ध्यात अडकलेली. मला वाटायचं सकाळी गाडी एका किकमध्ये उठते म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. ती कायम चोकवरच होती. साफ केली, एअर फिल्टर बदलला. पीयूसी १.९ टक्के. प्रमाणपत्र हातात आहे, पण आमच्यासारख्या गाड्यांना ते सहाच महिने चालतं, हे लक्षात ठेवा. ॲव्हरेज किती वाढलं ते महिनाभराने सांगेन.

बॅटरी बदलली, हॉर्न खणखणीत. स्पीडोमीटरची केबल मधेच तुटलेली. नवी टाकल्यावर आबांना मागे बसवून गावात एक फेरी मारली. ते सारखे खांद्यावरून वाकून काटा बघत होते.

थेम्सकाठदादांची ढकलायची चाचणी केली. पुढचं चाक एका जागी अडत होतं. ड्रमच्या आत पुढच्या शूची स्प्रिंग ताणून लांब झाली होती. तीही बदलली. हे मला कुठल्याच यादीत सापडलं नसतं.

साडी गार्ड राहिला होता. आबांनी दुधाचे कॅन अडकवायला तो कधीच काढून ठेवला होता, गोठ्याच्या माळ्यावर सापडला. मागचं चाक निदान अर्धं झाकणारा गार्ड आणि मागे बसणाऱ्याला धरायला कडी, दोन्ही नियम १२३ मध्ये आहेत, आणि पासिंगला बघतात. गंज काढून, काळा रंग देऊन बसवला. आई म्हणाली, बारा वर्षांनी या गाडीवर पदर सोडून बसता येईल.

कृष्णाकाठ, सातारा
१८ नोव्हेंबर

आज तपासणी झाली. सकाळची वेळ मिळाली होती, नऊ वाजता पोचलो.

इन्स्पेक्टर साहेबांनी आधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितले. चेसिस नंबर लगेच वाचता आला, त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा म्हटला. हॉर्न, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, अप्पर-डिपर, आरसे, मागचा लाल रिफ्लेक्टर, टायर. मग म्हणाले, ब्रेक दाबा. मी पाय ठेवला. ब्रेक लाईट लागला, पण फार खाली दाबल्यावर. नवे शू टाकल्यावर पायाची ढिलाई बदलली होती आणि स्विच मी परत लावलाच नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. साहेब स्वतः खाली बसले, पेडलजवळच्या स्विचचा प्लास्टिकचा नट बोटांनी दोन आटे फिरवला आणि म्हणाले, आता दाबा. पाय टेकताच लाईट लागला. 'मागच्याला तुमच्या आधी कळलं पाहिजे,' एवढंच बोलले. मग मला आवारात एक फेरी मारायला सांगून मधेच थांबायचा इशारा केला. गाडी सरळ रेषेत उभी राहिली.

झालं. पाच वर्षं वाढली. बोजाही त्याच फेरीत उतरला. नवी आरसी टपालाने येईल.

परत आलो तर आबा दारातच बसले होते. पास झाली का, हे त्यांनी विचारलंच नाही. उठून गाडीपाशी आले आणि मागच्या चाकाचा नट हाताने चाचपला. दहा वर्षं डेअरीला निघायच्या आधी ते रोज हेच करायचे. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

सावली, नाशिक
१८ नोव्हेंबर

अभिनंदन! माझा नमुना ३१ दाखल झालाय. सह्या आधी घेतल्या होत्या म्हणून एका फेरीत काम झालं. गॅरेजवाल्या दादांनी लायनर उघडून दाखवले आणि जुने पिशवीत घालून दिले. पुढचा प्रश्न जानेवारीत.

आरएक्सवेडा, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर

माझीही झाली, परवाच. २०३० पर्यंत बिनघोर. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, काका, या गाडीपेक्षा मी लहान आहे.

दहा_नंबर_पाना, सांगली
१९ नोव्हेंबर

दादा, नवे लायनर आहेत. किती चालली? तीन-चारशे किलोमीटरला ते बसतात आणि ब्रेक ढिला लागायला लागतो. परत लावून घ्या, पण आवळल्यावर चाक हाताने फिरवून बघा, घासायला नको. आणि ब्रेकबरोबर तो लाईटचा स्विचही लावा.

कृष्णाकाठ, सातारा
१९ नोव्हेंबर

आता मीटर चालू आहे म्हणून सांगता येतं. तीनशे बारा. रविवारी लावतो.